डावी बाजू

“बाईंच्या डोळ्याचं काय मग? दाखवला की नाय?” मर्सीनं विचारलं, आणि त्याच वेळी माझ्या खिशात साडेआठची घंटा वाजली.

मर्सी निर्मळहून येते. स्कूटरवर पुढं फुलांची पाटी, मागं केळी आणि भाजी बांधून आमच्या कॉलनीच्या फाटकाशी बसते आणि दहाच्या आत सगळं विकून परत जाते. बाई म्हणजे माझी बायको सरोजिनी. आणि घंटा माझी स्वतःची, फोनमध्ये लावलेली: साडेआठ, साडेअकरा, अडीच, साडेपाच. ती वाजली की असू तिथं थांबायचं, जमलं तर डोळे मिटायचे आणि आपल्या आत काय चाललंय ते बघायचं. नुसतं बघायचं, त्याला बरं-वाईट म्हणायचं नाही. सहा वर्षं मी हे करत आलोय. त्यामुळे जिथं दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यानं घाबरून “काय झालं डोळ्याला?” असं विचारलं असतं, तिथं मी राजेळी केळ्यांसमोर उभा राहून डोळे मिटले. छातीतून काहीतरी खाली गेलं. ते पाहिलं. पोटाशी गार वाटलं. तेही पाहिलं. डोळे उघडले तेव्हा मर्सी हातातली केळ्यांची फणी तशीच धरून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मला चक्कर आली.

“कुठला डोळा?” मी विचारलं.

“डावा. तुम्हाला माहीत नाय?” तिनं फणी खाली ठेवली. “अहो, त्या अंगानं त्यांना दिसत नाय. किती दिवस झाले, केळी स्वतः निवडत नाहीत, तूच दे म्हणतात. घ्यायला गेल्या की हात बाजूला जातो. सगळी मान फिरवून बघतात. आणि त्या दिवशी तर स्कूटरखालीच जात होत्या. मी दंड धरून ओढलं म्हणून. घरी बोलल्या नाहीत?”

“बोलली असेल,” मी म्हणालो. हे खोटं होतं.

“माझ्या आईचा असाच गेला. रस्त्यानं चालताना त्यांच्या डाव्या बाजूला राहत जा तुम्ही. तिथं काय आहे ते त्यांना कळत नाय.” मग तिचा फोन वाजला आणि ती घरच्या कुणाशी तरी तिच्या बोलीत बोलू लागली. मला ती बोली फार समजत नाही. केळी घेऊन मी घराकडं वळलो.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला चौतीस पायऱ्या आहेत. त्या चढताना मी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होतो: आज सकाळी सरोजिनीनं माझ्यासमोर चहा ठेवला तेव्हा तिचा चेहरा कसा होता. आठवेना. चहा आठवत होता. चहा पिताना मला काय वाटलं ते तर बारीकसारीक आठवत होतं. आज सकाळी मन थोडं कोरडं होतं, आणि त्या कोरडेपणाकडं मी शांतपणे पाहिलं होतं. चेहरा मात्र नव्हता. छत्तीस वर्षं जो चेहरा समोर आहे तो जिन्यात उभं राहून आठवू म्हटलं तर येत नाही, याची मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याबरोबर माझ्यातला तो शहाणा माणूस पुढं झाला आणि म्हणाला, लाज आली आहे, बघ तिच्याकडं. त्या माणसाचा मला पहिल्यांदाच कंटाळा आला.

मी हवामान खात्यात निरीक्षक होतो. तेहेतीस वर्षं. ठरलेल्या वेळी बाहेर जायचं, पांढऱ्या लाकडी पेटीतला तापमापक वाचायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं, मान वर करून मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते वहीत लिहायचं. निरीक्षकाला मत नसतं. उकाड्यानं तुमचा जीव जातोय का, याच्याशी वहीला कर्तव्य नाही. हे काम मी इतकं चोख केलं की माझ्या नोंदी नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवत. घरी मात्र मी भयंकर तापट होतो. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलंय, उशीर झाला म्हणून ठेवणीतल्या कपड्यांत तयार बसलेल्या बायकोला लग्नाला नेलं नाहीये. क्षितिजा, आमची मुलगी, सोळा वर्षांची असताना आईला म्हणाली होती, “बाबा आले की घर लहान होतं.” हे मला सरोजिनीनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी निवृत्त झालो, आता हा माणूस दिवसभर घरात, या भीतीनं तिनंच मला जितेंद्रकडं नेलं.

जितेंद्र तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा. चाळिशीचा, कंपनीत नोकरीला, रविवारी सकाळी विरारच्या आपल्या फ्लॅटमध्ये आठ-दहा लोकांना घेऊन बसतो. गुरू वगैरे म्हणवून घेत नाही, चहा स्वतः करतो. तो म्हणाला, “काका, राग आला की तो माझा आहे असं म्हणू नका. राग जयवंतला आला. तुम्ही त्या जयवंतकडं लांबून बघा. बघत राहिलात की तो हळूहळू विरळ होतो.” त्यासाठी वही ठेवायची, आणि वहीत ‘मी’ हा शब्द लिहायचा नाही. मला हे एकदम पटलं. असं काम तर मी आयुष्यभर केलं होतं, फक्त आता आकाशाच्या जागी जयवंत, म्हणजे मीच, होता. आठ भागांची युक्ती मी माझी घातली. राग आठपैकी पाच, दुखावणं आठपैकी दोन. आणि ते चाललं, हे खोटं नाही. सहा वर्षांत मी आवाज चढवला नाही. क्षितिजा पुण्याहून आली की माझ्याशी बसून गप्पा मारू लागली. सहा वह्या भरल्या. गेल्या वर्षी जितेंद्रनं त्या चाळून पाहिल्या आणि म्हणाला, “काका, यात तुमच्याशिवाय दुसरं कुणीच नाही हो.” ती मला शाबासकी वाटली होती. लक्ष इकडंतिकडं गेलं नाही, असा मी अर्थ घेतला आणि घरी येताना, खरं सांगायचं तर, जरा छाती काढूनच चाललो होतो.

घरात शिरलो तेव्हा सरोजिनी बाल्कनीत क्षितिजाशी फोनवर बोलत होती. माझ्याकडं तिची डावी बाजू होती. मी आत आलेलं तिला कळलं नाही. चपला काढल्या, केळी टेबलावर ठेवली, तिच्यापासून चार हातांवर उभा राहिलो, तरी कळलं नाही. ती हसून म्हणत होती, “बरे आहेत गं. शांत आहेत.” मी तसाच आतल्या खोलीत गेलो आणि सहावी वही काढली.

चौदा ऑगस्ट. चहा कपाबाहेर ओतला, बशीत आणि ओट्यावर. जयवंतला चीड, आठपैकी चार. छातीच्या डाव्या बाजूला. दोन मिनिटांत विरली. तीन सप्टेंबर, साडेपाच. बसलो असताना क्षितिजाचा मेसेज वाचून दाखवा म्हणाली. डोळ्यांवर चष्मा असताना. चीड, पाच. एकोणीस सप्टेंबर. भातात खडा, या आठवड्यात दुसऱ्यांदा. दोन. सहा ऑक्टोबर. बेडरूमच्या दाराची कड खांद्याला लागली, दारालाच बोलत बसली. लक्ष मोडलं. तीन. पाच डिसेंबर. शनिवारी अर्नाळ्याला येणार नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही. जयवंत दुखावला, आठपैकी सहा. बावीस जानेवारी. केळी चिरडलेली आणली. नीट निवडून घेता येत नाहीत. तीन. लगेच विरली. प्रगती.

मी पानं उलटत गेलो. सगळं तिथं होतं. तारखेसकट, वेळेसकट. एखाद्या डॉक्टरनं आजाराची टिपणं ठेवावीत तसा तिच्या डोळ्याचा सहा महिन्यांचा इतिहास माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता, आणि तो लिहिणाऱ्या माणसानं एकदाही मान वर करून त्या बाईकडं बघितलं नव्हतं. केळी चिरडली तो बावीस जानेवारी म्हणजे मर्सीनं तिला स्कूटरखालून ओढलं तोच दिवस. घरी आली, केळी ठेवली, हातपाय धुतले. मी केळी बघितली. अर्नाळ्याचं तर मला त्या क्षणी लख्ख आठवलं. दर शनिवारी आम्ही तिथं जायचो, वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडं वाळूवर बसायचो, समोर बेटावरचा किल्ला, आणि परतणाऱ्या होड्यांपैकी कुठलीवर कसलं निशाण आहे ते तीच मला सांगायची, कारण लांबचं तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसे. मग एक दिवस नको म्हणाली. त्या उंचसखल वाळूत, उतरत्या उजेडात पाय कुठं पडेल याची तिला भीती वाटली असेल. मी एकटाच गेलो, माझं दुखावलेपण मांडीवर घेऊन सूर्य बुडेपर्यंत त्याच्याकडं पाहिलं आणि प्रसन्न होऊन घरी आलो.

ती स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसली होती. मी समोर बसलो. तिची बोटं काडी चाचपत होती, पान खुडत होती. नजर त्या कामात नव्हतीच.

“उजवा डोळा झाक बघू,” मी म्हणालो.

तिनं हात थांबवला. “मर्सी बोलली वाटतं.”

“तू मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं की.” तिनं पुन्हा मेथी घेतली. “दिवाळी झाल्यावर. म्हटलं, अहो, डाव्या डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं होतंय, कडेचं दिसत नाही. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी थांबले. म्हटलं उघडतील तेव्हा बोलू. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडं बघून छान हसलात आणि वही घ्यायला आत गेलात.”

मला तो दिवस आठवत होता. त्या दिवशीची नोंद तोंडपाठ होती, कारण ती मी पुढच्या रविवारी जितेंद्रकडं सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर खोलीत कौतुकाची शांतता पसरली होती.

“मग परत सांगायचं ना,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. सहा वर्षांनी.

सरोजिनीनं मान पूर्ण वळवून माझ्याकडं पाहिलं. ती घाबरली नव्हती. “किती वेळा सांगायचं? मी काही बोलले की तुम्ही आत जाता. तुमचं बरं चाललंय, तर कशाला मोडा म्हणून मीच गप्प बसले. मीच तर नेलं होतं ना तुम्हाला तिथं.” मग काड्या गोळा करता करता, जसं काही भाजीबद्दलच बोलतेय अशा आवाजात ती म्हणाली, “ओरडायचात, तेव्हा निदान माझ्याकडं बघून ओरडायचात.”

या वेळी आतला शहाणा माणूस पुढं आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टर सँड्रांकडं गेलो. रिक्षातून उतरल्यावर मी सवयीनं तिच्या उजव्या बाजूनं, दोन पावलं पुढं चालत होतो; मर्सीचं बोलणं आठवलं तेव्हा आम्ही दारात पोचलोही होतो. काखेतल्या पिशवीत सहावी वही होती. का घेतली होती? डॉक्टरांना तारखा लागतील, हे खरं कारण. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं: इतकं लिहिलंय ते कुणाच्या तरी कामी आलं, असं व्हायला हवं होतं. डोळ्यांत थेंब घातले, तासभर यंत्रांसमोर बसवलं, दिवे लुकलुकले की बटण दाबायला सांगितलं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी तिच्या मागं उभा होतो. दिवे लागत होते आणि तिचं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. ती मन लावून वाट बघत होती. पुष्कळ वेळ तिनं काहीच दाबलं नाही, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, तिकडं लागलाय, तिकडं, वरती.

“काचबिंदू आहे,” डॉक्टर सँड्रा म्हणाल्या. “डाव्या डोळ्याची नस बरीच सुकली आहे. जे गेलं ते मी परत आणू शकत नाही, हे स्पष्टच सांगते. उजवा अजून चांगला आहे. तो आपण राखू. रोज वेळेवर थेंब, चुकवायचे नाहीत. कधीपासून जाणवतंय?”

“एवढ्यातच,” सरोजिनी म्हणाली.

“चौदा ऑगस्टपासून,” मी म्हणालो आणि वही काढली. वाचून दाखवलं. चहा बाहेर ओतला ती तारीख, मेसेज वाचता आला नाही ती, खडा, दाराची कड, दिवाळीनंतर धुक्याचं बोलली ती तारीख, अर्नाळा, चिरडलेली केळी. आठपैकी किती ते प्रत्येक ठिकाणी गाळलं. वाचताना हे गाळणं किती सफाईनं जमतंय ते मला कळत होतं. डॉक्टरांनी सगळं टिपून घेतलं आणि म्हणाल्या, “असं लिहून ठेवणारे मिस्टर मी तरी पाहिले नाहीत. नशीबवान आहात, मॅडम.” आणि माझ्या छातीत, तिची नस सुकल्याचं कळून पाच मिनिटं झाली नसतील, गोड वाटलं. सहा वर्षं ज्याला विरळ करत होतो तो जयवंत चांगला गुबगुबीत होऊन तिथं खुर्चीवर बसला होता. सरोजिनी पदराची कड नीट करत राहिली.

बाहेर झाडाखाली बाकावर बसलो. थेंबांमुळं तिला ऊन सहन होत नव्हतं, सगळंच पुसट दिसत होतं. समोरून दोघी-तिघी सायकलवरून भाजीच्या पाट्या घेऊन गेल्या. त्यांच्या घंटांकडं तिनं कान दिला.

“वाचा आता,” ती म्हणाली.

“काय?”

“वही. आत वाचताना मधेमधे थांबत होतात. जे गाळलंत ते धरून वाचा.”

मी वाचलं. ऐकताना तिचा चेहरा बदलला नाही. चीड, चार. चीड, पाच. खड्याला दोन. जयवंत दुखावला, सहा. एकदा ती म्हणाली, “आठपैकी ना?” मी हो म्हणालो. मधलं एक पान मी उलटून पुढं गेलो होतो. ते पानांच्या आवाजावरून तिच्या लक्षात आलं असावं.

“दिवाळीनंतरचं राहिलं.”

मी परत मागं आलो. “सतरा नोव्हेंबर,” मी वाचलं. “तक्रार. जयवंतला भीती, आठपैकी सात. आजवरची सर्वांत मोठी. डोळे मिटून पाहिली. चार मिनिटांत पूर्ण विरली. शून्य.”

“कसली तक्रार ते?”

“लिहिलेलं नाही.”

ती मग म्हणाली, “मला वाटत होतं, तुम्हाला दिसलंच नाही. तशी मी मनाची समजूत घातली होती. पुरुषमाणसाला नाही कळत घरातलं. पण तुम्हाला तर सगळं दिसत होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याचं काय करायचं ते मला माहीत होतं. तेवढ्यात साडेअकराची घंटा वाजली. माझ्या पापण्या आपोआप खाली आल्या. सहा वर्षांची सवय. सरोजिनीनं ते पाहिलं असेल की नाही कोण जाणे, पण ती म्हणाली, “बघा. मी थांबते.” आणि खरोखरच हात मांडीवर ठेवून थांबली, जशी दिवाळीनंतर थांबली असेल, जशी मघाशी आत दिव्यांसाठी थांबली होती, तशीच. मी फोन बंद केला आणि डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बघितलं. केस बरेच पांढरे झालेत. कानामागं तेलाचा ओघळ राहिलाय. डाव्या डोळ्याखालचा भाग थोडा सुजलाय. आणि टिकली. ती मधोमध नव्हती. डाव्या भुवईच्या वर, चांगली बोटभर सरकून लागलेली होती.

“तुझी टिकली बाजूला लागलीय,” मी म्हणालो.

तिचा हात कपाळाकडं गेला, मध्येच थांबला. “कधीपासून?”

हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तेव्हा मला तारीख सांगता आली होती. आता वही मांडीवरच होती, पण उघडून उपयोग नव्हता. आज पहिल्यांदाच वाकडी लागली असेल, किंवा ऑगस्टपासून रोज ती अशीच लावून माझ्यासमोर चहा ठेवत असेल, फाटकाशी मर्सीशी बोलत असेल, शेजाऱ्यांकडं हळदीकुंकवाला गेली असेल. टिकलीचा मला कधी राग आला नव्हता, त्यामुळं तिची नोंद नव्हती.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “मी बघितलं नाही.” हे बोलताना मला रडू आलं, आणि ते मी पाहिलं वगैरे नाही, ते आलं.

“बरं,” ती म्हणाली. जरा वेळानं तिनं चेहरा माझ्याकडं केला. “मग सरळ करा की.”

मी नखानं टिकली उचलली आणि मध्ये लावली. दोनदा लावावी लागली. मग थेंबांचं औषध घेतलं, वेळा विचारून घेतल्या. सकाळी साडेआठ आणि रात्री साडेआठ. सकाळची घंटा लावलेलीच होती.

रिक्षा स्टँड रस्त्याच्या पलीकडं, जरा लांब होता. सरोजिनीनं ऊन नको म्हणून पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि चालू लागली. मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तिच्या डाव्या बाजूला गेलो. डावीकडून एक टेम्पो आला, मग दोन स्कूटर. मी त्यांच्या आणि तिच्या मध्ये होतो. त्या बाजूनं मी तिला अजिबात दिसत नव्हतो, हे पाचेक पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

“अहो,” ती समोर बघतच म्हणाली, “आहात ना?”

“आहे,” मी म्हणालो.